होडीच्या यंत्राची गळती

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर उरणपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत जेवढ्या होड्या आहेत, त्या सर्वांचें वेळापत्रक एकच असून तें चंद्रानें आंखून दिलेलें आहे. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाचें मंद पाणी असतें. उधाणाच्या दिवसांत मुंबई-अलिबागच्या बाजूस भरतीच्या व ओहोटीच्या पातळींत ४ मीटरांहूनही अधिक अंतर पडतें. सकाळीं जेथें होडी डौलानें तरंगत होती, तेथें दुपारीं चिखल, वाळू आणि कालवांनीं भरलेले खडक उघडे पडलेले दिसतात. धरमतर, रेवदंडा, राजपुरी अशा खाड्यांतून होडी हांकणाऱ्या माणसाला पाण्याच्या खोलीचा हिशेब एक दिवसही विसरून चालत नाहीं.

अशा उथळ पाण्यांत, होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलें यंत्र फार सोयीचें ठरतें. इंग्रजींत त्याला ‘आऊटबोर्ड’ म्हणतात. किनाऱ्यावर नुसतें ‘मशीन’ म्हटलें तरी पुरतें. नॉर्वेंत जन्मलेला आणि अमेरिकेंत मिलवॉकी शहरीं स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड हा अशा यंत्राचा पहिलाच कर्ता नव्हे. पण १९०९ च्या सुमारास त्यानें तें सामान्य होडीवाल्याला हाताळतां येईल अशा रूपांत बाजारांत आणलें आणि लोकप्रिय केलें. त्याची ठेवण पुढेंही बव्हंशीं तशीच राहिली : वर इंजिन, मध्यें पायासारख्या लांब पोकळ भागांतून खालीं गेलेला उभा दांडा, आणि तळाशीं पाण्यांत फिरणारा पंखा. सबंध यंत्र एका आडव्या बिजागरीवर टांगलेलें असल्यामुळें त्याचा पाय मागच्या बाजूनें वर उचलतां येतो आणि पंखा पाण्याबाहेर काढतां येतो.

या उचलण्यावर होडीवाल्याचें पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. उथळांत शिरतांना पंखा वर घेतला नाहीं, तर तो वाळूंत रुततो किंवा खडकावर आपटून मोडतो. नांगरलेल्या होडीचें यंत्र रात्रंदिवस खाऱ्या पाण्यांत बुडून राहिलें, तर त्यावर शिंपल्यांचे थर चढतात आणि त्याचें ॲल्युमिनियमचें अंग खारानें कुरतडलें जातें. लहान यंत्र एका माणसाला हातानें उचलतां येतें; परंतु दीडशें-दोनशें किलो वजनाचें यंत्र तसें उचलणें शक्य नाहीं. म्हणून मोठ्या यंत्रांच्या बैठकींत तेलाच्या दाबावर चालणारें एक उचलसाधन बसविलेलें असतें. कळ दाबली कीं गुणगुणत यंत्र वर येतें, दुसऱ्या बाजूनें दाबली कीं खालीं जातें. जुन्या यंत्राचें हें साधन गळूं लागलें म्हणजे काय करावें, हा या भाषणाचा विषय आहे.

मुरुडच्या बाजूचा एखादा नाखवा डोळ्यांपुढें आणावा. घरचा धंदा मासेमारीचा. परंतु सुटीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून येणारीं माणसें समुद्रावर फिरवून आणण्याचा जोडधंदा त्यानें सुरू केला आहे. त्यासाठीं एका हौशी गृहस्थाच्या वेगवान होडीवरून उतरलेलें जुनें यंत्र त्यानें विकत घेतलें. इंजिन उत्तम चालतें. परंतु दिवाळीनंतर, ऐन हंगामांत, त्याच्या लक्षांत आलें कीं संध्याकाळीं वर उचलून ठेवलेलें यंत्र सकाळीं हातभर खालीं आलेलें असतें. त्यानें टांकीचें झांकण काढून तेल ओतलें. आठ दिवस बरे गेले, आणि पुन्हां तोच प्रकार. पुन्हां तेल ओतलें. असें होतां होतां महिना लोटला. मग एके दिवशीं ओहोटीच्या वेळीं होडी वाळूवर टेकली असतांना, सुटीवर आलेला त्याचा कॉलेजांतला भाचा पंख्याला गुंतलेला दोर सोडवावयास यंत्राखालीं शिरला. दोर सोडवून तो बाहेर सरकतो न सरकतो तोंच यंत्र सरसर खालीं आलें आणि पंखा वाळूंत वीतभर रुतला. मुलगा हंसला, नाखव्याला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो मिस्त्रीच्या दारीं उभा राहिला. “मिस्त्री, हें मशीन तेल पितंय. आठवड्याला बाटली लागते.”

“पितं, पण तें तेल जातं कुठं, नाखवा? पाहिलंत कधीं?”

नाखव्यानें तें पाहिलें नव्हतें. महिनाभर त्यानें तेल कमी झालें कीं ओतलें होतें. तें कोठून आणि कां जातें, हें विचारलें नव्हतें. सबंध दुरुस्तीचें मर्म या एका प्रश्नांत आहे, आणि तो नीट कळावयाचा तर साधनाच्या अंतरंगांत थोडें डोकावलें पाहिजे.

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यानें सांगितला. त्याचा त्यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. परंतु नियम कळला तरी यंत्र व्हावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचा हक्क नोंदविला, तेव्हां त्याच्यापुढें मोठी अडचण उभी राहिली ती गळतीची. दट्ट्या सैल ठेवला तर पाणी निसटे. घट्ट बसविला तर दट्ट्याच हलेना. त्याच्या कारखान्यांतील कारागीर हेन्री मॉडस्ले यानें वाटीच्या आकाराचें चामड्याचें कडें बसवून ती अडचण सोडविली, असें मानलें जातें. दाब आला म्हणजे वाटीची कड फुगून दट्ट्याला घट्ट बिलगे. दाब गेला कीं सैल पडे. अर्थात् जो दाब गळती घडवितो, त्याच्याच हातून ती बंद करवून घेतली. होडीच्या यंत्रांतील रबरी सीलही याच युक्तीवर चालतें. गोल रबरी कडें, ज्याला कारखान्यांत ‘ओ-रिंग’ म्हणतात, तें डेन्मार्कांत जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सेन यानें अमेरिकेंत सिद्ध केलें. त्याचा अर्ज १९३७ चा असून हक्क १९३९ सालीं मिळाला, आणि दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या तेलयंत्रणेंत तें सर्रास वापरलें गेलें.

होडीवरील साधनांत मुख्य भाग पांच : तेलाची छोटी टांकी, विजेच्या मोटरीनें फिरणारा दांत्यांचा पंप, तेल कोणत्या बाजूस जावें हें ठरविणाऱ्या झडपा, एक नळकांडें, आणि त्यांत सरकणारा, दांड्याला जोडलेला दट्ट्या. मोटर एका दिशेनें फिरली कीं पंप दट्ट्याच्या खालीं तेल ढकलतो आणि दांडा बाहेर येऊन यंत्र उचलतो; उलट फिरली कीं तेल दट्ट्याच्या वरच्या बाजूस जातें आणि दांडा आंत ओढला जातो. पंप थांबल्यावर तेल परत फिरूं नये म्हणून एकमार्गी झडपा असतात. वीज बंद पडली तर यंत्र हातानें वर-खालीं करतां यावें म्हणून बैठकीच्या बाजूस दाब मोकळा करण्याचा एक स्क्रू असतो. कित्येक यंत्रांत याशिवाय चालतांना कोन किंचित् बदलण्यासाठीं दोन आंखूड दांडे असतात. त्यांचें तत्त्व तेंच.

थोडा हिशेब केला म्हणजे या साधनाचें सामर्थ्य आणि त्याची एक खोडही कळते. समजा, दट्ट्याचा व्यास ४ सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचें क्षेत्र सुमारें साडेबारा चौरस सेंटिमीटर झालें. दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब दिला, तर दट्ट्या सुमारें सव्वासहाशें किलोंच्या जोरानें वर सरकेल. बिजागरीच्या इतक्या जवळून रेटावयाचें असल्यामुळें हा जोर लागतोच. आतां दांड्याचा व्यास २ सेंटिमीटर धरला, तर दट्ट्याच्या वरच्या बाजूस दांड्यानें जागा अडविलेली असल्यानें तेथें तेल पाऊण पटच मावतें. दांडा २० सेंटिमीटर बाहेर आला कीं खालच्या बाजूस सुमारें २५१ घनसेंटिमीटर तेल शिरतें, वरच्या बाजूनें परत येतें तें १८८. उरलेलें ६३ टांकींतून येतें. म्हणून यंत्र पूर्ण वर असतांना टांकी सर्वांत रिकामी असते, आणि तेलाची पातळी त्याच वेळीं पाहावयाची असते. यंत्र खालीं असतांना झांकण उघडणें हा अविचार आहे. आंत दाब असेल तर तेल अंगावर उसळतें.

आतां मिस्त्रीचा शोध पाहावा. त्यानें पान्ह्याला हातही लावला नाहीं. प्रथम त्यानें यंत्राची बैठक साबणानें व गोड्या पाण्यानें धुतली, कोरडी पुसली, आणि नळकांड्याचा गळा, दोन्ही आंखूड दांडे, टांकीचें झांकण व मोटरीचा सांधा यांवर खडूची बारीक पूड भुरभुरली. यंत्र दोन-चार वेळां वर-खालीं करून पूर्ण वर नेलें, बिजागरीच्या हलत्या व स्थिर भागांवर एकमेकींसमोर खडूच्या दोन रेघा ओढल्या, आणि रात्रभर कोणालाही जवळ फिरकूं न देण्याची ताकीद दिली. सकाळीं दोन रेघांत चार बोटांचें अंतर पडलें होतें. नळकांड्याच्या गळ्याभोंवतीं, दांडा जेथून बाहेर येतो तेथें, पूड तेलानें भिजून काळी पडली होती. इतरत्र ती कोरडीच होती. टांकींतलें तेल बोटावर घेतलें, तर तें लालसर स्वच्छ असावयाचें तें किंचित् दुधाळ दिसलें.

“गळा गळतोय, सांपडलं कीं!” नाखवा म्हणाला. मिस्त्रीनें मान हलविली. गळा गळतो हें खरें. बाटलीभर तेल कोठें जातें, याचें उत्तर तेथें मिळालें. परंतु यंत्र रात्रीं खालीं कां येतें, याचें उत्तर तेथें मिळत नाहीं. कारण यंत्र वर उचललेलें असतांना त्याचा भार दट्ट्याच्या खालच्या तेलावर असतो. गळ्याकडील वरच्या बाजूस त्या वेळीं भार नसतो. गळ्यांतून तेल जातें तें मुख्यतः यंत्र खालीं ओढतांना. तेव्हां रात्रीं यंत्र खचतें याचा अर्थ असा कीं खालच्या बाजूचें तेल आंतल्या आंत कोठेंतरी निसटत आहे. दट्ट्याचें कडें झिजलें असेल, दाब मोकळा करण्याच्या स्क्रूवरील कडें कापलें असेल, अथवा एकमार्गी झडपेखालीं कचरा अडकला असेल. आंतली गळती थेंबही बाहेर टाकीत नाहीं. म्हणून नुसत्या डोळ्याला ती दिसत नाहीं, आणि तेल ओतून ती कधींच थांबत नाहीं. येथें एक नव्हे, दोन गळत्या होत्या. नाखवा जें तेल ओतीत होता, तें पहिल्या गळतीला पुरत होतें; त्याच्या भाच्याच्या जिवावर बेतली होती ती दुसरी.

दुरुस्तीचा पहिला नियम मिस्त्रीनें भाच्यालाच सांगितला : तेलाच्या भरंवशावर उचललेल्या वजनाखालीं हात, पाय किंवा डोकें घालूं नये. वजन धरण्यासाठीं यंत्राच्या बैठकीवर लोखंडी अडसर असतो, तो लावावा. आणि त्यावरही विसंबून न राहतां खालून लांकडाचा भक्कम टेकू व वरून दोर द्यावा. प्रथम बॅटरीची तार सोडावी, म्हणजे चुकून कळ दाबली गेली तरी पंप फिरणार नाहीं. यंत्राचा सर्व भार टेकूवर आल्याची खात्री झाली कीं मगच मोकळा करण्याचा स्क्रू सावकाश सैल करावा. आंतील दाब गेल्यावर दांड्याच्या वरच्या टोंकाची खीळ काढून दांडा सुटा करावा.

नळकांड्याच्या तोंडावरचें झांकण आट्यांचें असतें, आणि त्यावर पान्ह्याच्या खुंट्या बसण्यासाठीं दोन भोंकें असतात. खाऱ्या पाण्यांत वर्षानुवर्षें राहिलेल्या या आट्या पांढऱ्या खारानें जाम होतात, आणि येथेंच कित्येक चांगलीं यंत्रें घाईनें बाद होतात. छिन्नी-हातोड्यानें झांकण फिरवूं पाहणारा मनुष्य भोंकांच्या कडा फोडून बसतो. खार घासून काढावा, गंज सोडविणारें पातळ तेल सोडून रात्रभर थांबावें, कढत पाण्यांत भिजविलेलें फडकें गुंडाळून झांकण गरम करावें, आणि मग त्याच मापाचा दोन खुंट्यांचा पान्हा लावून सारखा जोर द्यावा. जवळच तेल आणि रबर असल्यामुळें ज्योत लावण्याचा मोह टाळलेला बरा. मिस्त्रीचें झांकण तिसऱ्या दिवशीं सुटलें.

दट्ट्या बाहेर आल्यावर कारण आपोआप उघड झालें. गळ्यांत दोन कडीं असतात. आंतलें तेल अडवितें. बाहेरचें दांडा आंत जातांना त्यावरची घाण पुसून काढतें. बाहेरचें पुसणारें कडें कडक होऊन तडकलें होतें. यंत्र वर उचलून ठेवलेलें असतें तेव्हां चकचकीत दांडा उघडा पडतो. पंखा वांचतो खरा, पण दांड्यावर खारें पाणी वाळतें आणि वाऱ्यानें उडालेली बारीक वाळू त्याला चिकटते. नाखव्याचा रोजचा क्रम असा, कीं सकाळीं येऊन कळ दाबावयाची. म्हणजे मीठ आणि वाळू लागलेला दांडा तसाच आंत ओढला जाई. पुसणारें कडें झिजलें, मग तेल अडविणारें झिजलें, मग वाळू व पाणी आंत शिरून तेलाबरोबर पंपांत, झडपांत आणि दट्ट्याच्या कड्यापर्यंत पोंचलें. झडप उघडली तेव्हां तिच्या बैठकीवर वाळूचा एक कण सांपडला. मोहरीच्याही निम्म्या आकाराचा. यंत्र सरसर खालीं येण्याचें श्रेय बहुधा त्याचें.

इतक्यावर काम सोपें होतें. परंतु मिस्त्रीनें दांड्यावरून नख फिरविलें, आणि तें दोन ठिकाणीं अडकलें. खारानें दांड्याच्या चकचकीत मुलाम्याखालीं शिरून सुईच्या टोंकाएवढे खड्डे पाडले होते. दांड्याच्या लांबीवर नुसते पुसट ओरखडे असतील, तर ते अतिशय बारीक पॉलिशपेपरनें नाहींसे करतां येतात. खड्डा मात्र घासून जात नाहीं, आणि त्याची कड प्रत्येक फेरीला नव्या रबरावरून करवतीसारखी फिरते. नवा दांडा शोधावयाचा, किंवा जुन्यावर पुन्हां मुलामा चढवून तो मूळच्या मापाला आणावयाचा, तर दोन शनिवार-रविवार बुडत होते. हंगामांतले दोन शनिवार-रविवार म्हणजे नाखव्याच्या घरांत लहान गोष्ट नव्हे.

“सध्यां नुसतीं कडीं घालून द्या मिस्त्री. दांड्याचं पावसाळ्यांत पाहूं.”

“घालून देईन. पण महिनाभरांत तीं फाटतील. त्या वेळीं मशीनखालीं कोण असेल, तें तुम्हीच ठरवा.”

नाखवा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. भाचा शेजारींच झडपा धूत बसला होता. शेवटीं, “दांडा बघा,” एवढेंच म्हणून तो उठला. त्याच बनावटीच्या भंगारांत निघालेल्या एका यंत्राचा निर्दोष दांडा मिळविण्यास दहा दिवस लागले. तोही विकत घेण्यापूर्वीं मिस्त्रीनें टोंकापासून टोंकापर्यंत नखानें तपासला आणि सपाट कांचेवर लोळवून वांकडा नाहीं ना हें पाहिलें.

जोडणी करतांना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली स्वच्छता : सूत सुटणारी चिंधी वापरूं नये, कारण सुताचा एक धागाही झडपेखालीं वाळूचेंच काम करतो. दुसरी माप : जुनें कडें चपटें झालेलें किंवा फुगलेलें असतें, तेव्हां त्यावरून नवें आणूं नये, यंत्राच्या पुस्तकांतील आंकडा किंवा खांचेचें माप प्रमाण मानावें. तिसरी दिशा : सीलची नाजूक कड ज्या बाजूनें दाब येतो त्या बाजूस असावी, आणि पुसणाऱ्या कड्याची कड बाहेरच्या बाजूस. उलटें बसलेलें नवें सील जुन्याहून अधिक गळतें. चौथी हळुवारपणा : रबराला यंत्रांतलेंच तेल लावावें आणि आट्यांवरून सरकवितांना त्यांवर पातळ कागद गुंडाळावा, नाहीं तर बसवितां बसवितांच कडें कापलें जातें.

तेलाविषयींही एक सावधगिरी आहे. यंत्रकर्त्यानें सांगितलेलें तेलच घालावें. पुष्कळ यंत्रांना मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेटीचें लाल तेल चालतें. मोटारीच्या ब्रेकचें नेहमींचें तेल मात्र कधींही घालूं नये. तें खनिज तेल नसून निराळ्याच जातीचा द्रव असतो. त्यानें हीं नायट्रिल रबराचीं कडीं फुगून मऊ पडतात, आणि दुरुस्ती आठवड्यांत वायां जाते.

तेल भरल्यावर आंतली हवा काढावयाची. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. म्हणून हवा राहिली तर यंत्र लवचीक, धक्के देत उचललें जातें. मोकळा करण्याचा स्क्रू बंद करून, तेल भरून व झांकण लावून, यंत्र सावकाश पूर्ण वर व पूर्ण खालीं न्यावें. वर असतांना अडसर व टेकू लावून पातळी पाहावी, फेस बसूं द्यावा, कमी असेल तेवढें घालावें, आणि पातळी स्थिर होईपर्यंत हेंच पुन्हां पुन्हां करावें. जुनें दुधाळ तेल मिस्त्रीनें डब्यांत भरून ठेवलें. ओहोटीच्या वेळीं याच खडकांवर बायका कालवें काढावयास बसतात. वाटीभर तेलाचा पातळ तवंग किती दूर पसरतो, हें किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावयास नको.

नाखव्याचे दोन शनिवार-रविवार गेले. तिसऱ्या शुक्रवारीं संध्याकाळीं यंत्र होडीवर वर उचललें गेलें, आणि भाच्यानें बिजागरीवर स्वतः खडूच्या दोन रेघा समोरासमोर ओढल्या. रात्रीं भरती आली, उतरली. पहांटे तो बॅटरी घेऊन किनाऱ्यावर गेला. रेघा जेथल्या तेथें होत्या. त्यानें कळ दाबण्यापूर्वीं तांब्याभर गोडें पाणी उघड्या दांड्यावर ओतलें, फडक्यानें तो कोरडा केला, आणि मगच यंत्र खालीं घेतलें. मिस्त्रीनें दिलेलें औषध हेंच : रोज एक तांब्या पाणी आणि एक फडकें.

त्या दिवशीं दुपारीं ओहोटीला पंख्यांत पुन्हां दोराचा तुकडा गुंतला. यंत्र आतां तसूभरही खचत नव्हतें. तरीही यंत्राखालीं शिरण्यापूर्वीं भाच्यानें होडींतून लांकडाचा टेकू काढला, अडसर लावला आणि टेकू ठोकून बसविला. नाखवा दुरून पाहत होता. त्यानें उतारूंना थोडें थांबावयास सांगितलें.